कर्व्हमध्ये बसवलेली माणसं

आमच्या कंपनीत बढती कामावर मिळते, असं नव्या पोरांना सांगणाऱ्यांनी ते आता बंद करावं. हिंजवडीतल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत मी बरीच वर्षं नोकरी करते आहे आणि टीम लीड म्हणून कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग पक्की करण्याच्या, मीटिंगला बसते. तिथे काय चालतं ते मी पाहिलं आहे.

स्क्रीनवर एक्सेलची शीट उघडी असते. एका रकान्यात नावं, शेजारी मॅनेजरने दिलेलं रेटिंग आणि वर एचआरने आधीच भरून ठेवलेले टक्के: अव्वल इतके, मधले इतके, तळाचे इतके. टीममधल्या दहाही जणांनी जीव तोडून काम केलेलं असो, तळाला एक नाव लागतंच. मग शोध सुरू होतो. कमी काम करणाऱ्याचा नव्हे, कमी बोलणाऱ्याचा. ज्याचा मॅनेजर नवा आहे त्याचा. ज्याला अमेरिकेतला क्लायंट नावाने ओळखत नाही त्याचा.

गेल्या खेपेला नाव निघालं ते बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका सहकारी मुलीचं. रजेआधी तिने एक अख्खं मायग्रेशन शनिवार-रविवार धरून पार पाडलं होतं. "तशीही ती अर्धं वर्ष नव्हतीच ना," कुणीतरी म्हणालं आणि चारचं रेटिंग दोनवर आलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी हरकत घेतली. उत्तर आलं, "ठीक आहे, मग तुझ्या टीममधलं दुसरं नाव दे."

मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. रजेच्या काळात बाईला कामावरून काढायला किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्यात बदलायला कायद्याने मनाई आहे. कंपनी यातलं काही उघडपणे करत नाही. रेटिंग खाली आणते. त्याने बढती अडते, व्हेरिएबल पे कापला जातो आणि कंटाळून ती स्वतःच राजीनामा देते. ८ मार्चला लॉबीत जांभळे फुगे लावणाऱ्यांना याची लाज वाटली पाहिजे.

माणसं अशी टक्क्यांच्या कर्व्हमध्ये बसवण्याची पद्धत गाजवली जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी. वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०. आणि तळाच्यांना घरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची प्रतवारी मोडीत काढली, कारण माणसं एकमेकांना मदत करेनाशी झाली होती. जनरल इलेक्ट्रिकनेही ती सोडली. आमच्याकडे मात्र ती ठाण मांडून बसली आहे, कारण इंक्रिमेंटचं बजेट आधी ठरतं आणि माणसांची लायकी नंतर त्यात कोंबली जाते. रेटिंग कमी का, असं विचारणाऱ्याला "व्हिजिबिलिटी वाढव" एवढंच ऐकवलं जातं. रात्री साडेनऊचा कॉल घेऊन प्रॉडक्शन सांभाळणारा माणूस कुणाला दिसणार? दिसतो तो सकाळी त्याचं काम स्लाइडवर मांडणारा.

आणि बढती मिळालीच, तर पुष्कळदा हाताखाली एकही माणूस नसलेला 'मॅनेजर' होता येतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून व्यवस्थापकीय पदं वगळली आहेत. म्हणजे तासांची मर्यादा आणि दुप्पट ओव्हरटाइम नाकारायला कंपनी तेवढ्या हुद्द्याकडे बोट दाखवते.

टक्क्यांचा हा कोटा रद्द झाला पाहिजे. तो होईपर्यंत निदान रजेवर गेलेल्या बाईचं मूल्यमापन तिने काम केलेल्या महिन्यांवरच व्हावं आणि रेटिंग कुणी, कशासाठी खाली आणलं हे तिला लेखी मिळावं. पुढच्या कॅलिब्रेशनला मी हे मांडणार आहे आणि मिनिट्समध्ये त्याची नोंद करायला लावणार आहे.