जुन्याचे किती लावता?

"जुन्याचे कितीक लावता, भाऊ?" ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये शिरलेला वऱ्हाडातला शेतकरी पाणी, चहा, माहितीपत्रक हे सगळं उरकून या प्रश्नावर येतोच. अमरावती असो की अकोला, काउंटरपलीकडचं उत्तरही ठरलेलं असतं. "काका, तुम्ही आधी नव्याचं पक्कं करा, जुन्याचं आपण बसून पाहू." इतक्या आपुलकीने काका म्हटल्यावर काकांनाही तुटक बोलवत नाही. मग बसणं होतं, आणि त्या बसण्यातच व्यवहाराची सूत्रं हातातून जातात.

शेतकऱ्याचं सगळं लक्ष जुन्या ट्रॅक्टरच्या आकड्यावर. विक्रेत्याचं लक्ष फरकावर, म्हणजे जुना देऊन वर किती नगद किंवा कर्ज येणार त्यावर. समजा, नव्या छोट्या ट्रॅक्टरची सांगितलेली किंमत 5 लाख 20 हजार आहे आणि जुन्याचा बाजारभाव 2 लाखांच्या आसपास. पहिला विक्रेता जुन्याचे 2 लाख 30 हजार लावतो, नव्यात एक रुपया सोडत नाही. फरक झाला 2 लाख 90 हजार. दुसरा जुन्याचे 2 लाख 5 हजारच लावतो, पण नवा 4 लाख 90 हजारांत देतो. इथे फरक 2 लाख 85 हजार. तरी पारावर कौतुक होतं ते पहिल्याचंच, कारण त्याने "जुन्याचे सव्वादोनाच्या वर लावले". वर हूड, बंपर आणि टॉपलिंक मिळालं की पाच हजार जास्त गेल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून विचारायचं असेल तर दोन भाव वेगवेगळे विचारावेत, एक जुना न देता नगदीचा आणि दुसरा जुना देऊन. या दोन्हींच्या वजाबाकीतून निघतो तो जुन्याचा खरा भाव. काउंटरवर हा प्रश्न सहसा आवडत नाही.

छोट्या ट्रॅक्टरला हे गणित जास्त लागू होतं, कारण तो घेणाऱ्याचं वावरही लहान असतं. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास. एवढ्याशा जमिनीला 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर परवडत नाही, बैलजोडी सांभाळायची तर सालदार मिळत नाही. त्या फटीत 15 ते 28 अश्वशक्तीची ही मंडळी शिरली. एका सिलिंडरची महिंद्रा युवराज 215, व्हीएसटी शक्ती, राजकोटची कॅप्टन, चारही चाकं ओढणारी कुबोटा बी 2441 आणि जॉन डिअर 3028. वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढत हा ट्रॅक्टर फांद्यांना न लागता निघून जातो. कपाशी-सोयाबीनमध्ये डवरणीलाही तो चालतो, ओळीतलं अंतर पेरणीच्या वेळी नीट राखलं असेल तर.

आता घसारा. एकाच ट्रॅक्टरचा घसारा चार जागी चार तऱ्हेने मोजला जातो. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकात ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण 10 वर्षं किंवा 10 हजार तास धरतात आणि शेवटी दहा टक्के मोडकिंमत उरते असं मानतात. साडेचार लाखांचा ट्रॅक्टर या हिशेबाने दर वर्षी 40 हजार 500 रुपयांनी उतरतो, तीन वर्षांनी 3 लाख 28 हजार 500 वर येतो. विमावाले पायऱ्यांनी उतरतात. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. पुढचं आपसात ठरवायचं. म्हणजे तीन वर्षं होता होता विम्याच्या कागदावर 3 लाख 15 हजार. आयकराच्या तक्त्यात यंत्रसामग्रीला दर वर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के घसारा मिळतो. पण शेतीचं उत्पन्नच करमुक्त असल्याने शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. चौथा हिशेब विक्रेत्याचा. त्याला सूत्र नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं. हा ट्रॅक्टर उद्या कुणाला आणि कितीला विकला जाईल, तिथून तो उलटा मोजत येतो.

पुस्तकी हिशेबात एक गोष्ट मात्र मोलाची आहे. तो वर्षाला 1000 तास काम गृहीत धरतो, म्हणजे तासाला घसारा पडतो साडेचाळीस रुपये. घरच्या चार एकरांपुरता वापरलेला छोटा ट्रॅक्टर वर्षाला 250 तास चालला, तर तोच घसारा तासाला 162 रुपये होतो. डिझेल आणि चालक वेगळे. "आमचा तं उभाच असते, घासलाच नाही" असं मालक अभिमानाने सांगतो, पण उभ्या ट्रॅक्टरचीही किंमत उतरते आणि ती कुणाच्या भाड्यातून वसूल होत नाही. खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी ओलिताला चालत नाही आणि खरिपानंतर फार तर ओलीवरचा हरभरा येतो, तिथे हे तास कमीच भरतात. बागाईत संत्र्याच्या गावात फवारणी, रोटाव्हेटर, खतं यांची कामं वर्षभर सुरू असतात. तोच ट्रॅक्टर वरूडला लवकर खपतो आणि खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूरकडे गिऱ्हाईकाची वाट पाहतो, याचं एक कारण हे आहे.

बैलबाजारात दात पाहतात, इथे तासांचं मीटर. फरक इतकाच की बैलाला दात बदलता येत नाहीत. मीटर बंद पडलेलं असतं, केबल तुटलेली असते किंवा आकडा संशय यावा इतका कमी असतो. म्हणून जाणता मेकॅनिक मीटरकडे फार पाहत नाही. तो इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढतो आणि तिथून धूर फुंकला जातोय का ते बघतो. जातोय म्हणजे रिंग-पिस्टन घासले. मग मागे रोटाव्हेटर लावून लिफ्ट वर घेतो, इंजिन बंद करतो आणि बिडी पेटवतो. बिडी संपायच्या आत रोटाव्हेटर खाली बसला तर हायड्रॉलिकमध्ये खर्च आहे. पुढची चाकं हलवून खेळ पाहतो आणि चार चाकं ओढणारा असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलवरून बोट फिरवतो. रंग, स्टिकर आणि नवी सीट यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. गिऱ्हाईक नेमकं तेच पाहतं.

ट्रॅक्टर जागचा न हलताही त्याची किंमत एका रात्रीत उतरू शकते, हे 2025 मध्ये दिसलं. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ट्रॅक्टरवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आणला आणि नवा दर 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला लागू झाला. करापूर्वीची किंमत 4 लाख असलेला ट्रॅक्टर आदल्या दिवशी 4 लाख 48 हजारांना होता, दुसऱ्या दिवशी 4 लाख 20 हजारांना. बागेत चालणारे छोटे ट्रॅक्टर सुमारे 23 हजारांनी स्वस्त होतील, असं केंद्र सरकारने सांगितलं. दसऱ्याला घेणाऱ्यांची चांदी झाली. पोळ्याला हार घालून घरी आणलेल्याच्या मालकाचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. जुन्याचा भाव नेहमी नव्याच्या भावाकडे पाहून ठरतो. नवा उतरला की गावोगाव उभे असलेले सगळेच थोडे थोडे उतरतात.

कंपनीच उठली तर काय? पुण्याच्या फोर्स मोटर्सने 31 मार्च 2024 पासून ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. 'बलवान' आणि बागांसाठीचा 'ऑर्चर्ड' ही नावं महाराष्ट्राच्या शेतीत ओळखीची होती. असा ट्रॅक्टर बदलायला नेला की विक्रेत्याचा पहिला प्रश्न सुट्या भागांचा असतो, आणि इंजिन कितीही ठणठणीत असलं तरी तो प्रश्न भावातून वजा होतो. छोट्या ट्रॅक्टरच्या बाजारात नव्या कंपन्या आणि नवी मॉडेलं सारखी येत असतात. त्यामुळे घेतानाच विचारलेलं बरं की याची क्लच प्लेट मूर्तिजापूरला मिळते की नागपूरहून मागवावी लागते.

मग कागद. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर हप्ते संपल्याची एनओसी आणि फॉर्म 35 दिल्याशिवाय तो उतरत नाही. सहामाही हप्त्यांचं कर्ज फेडून टाकलं, पण बोजा उतरवायला कुणी आरटीओत गेलंच नाही, हे सर्रास घडतं. अनुदानाचा ट्रॅक्टर असेल तर आणखी जपून. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण विभागाकडून साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतो, पण तो विकायचा किंवा गहाण ठेवायचा नाही ही अट सोबत येते. असा ट्रॅक्टर बदलीत घेणारा विक्रेता सापडला तर त्याच्या उदारपणाची भीती वाटायला हवी.

अकोल्याचा शेतकरी अमरावतीचा भाव काढायला आता सहज जातो. अकोला-अमरावती रस्त्यावरच 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनेसमध्ये नोंद झाली होती. कागद मात्र त्या वेगाने धावत नाहीत. एमएच 30 चा ट्रॅक्टर एमएच 27 मध्ये नोंदवायचा तर फॉर्म 28 ची एनओसी आधी लागते.

सगळ्यात महाग पडतो तो फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या तारखेने केलेला अंगठा. जुना ट्रॅक्टर विक्रेत्याकडे सोडला, नवा घेऊन शेतकरी घरी आला, जुना पुढे दोन-तीन हातांतून फिरला आणि आरसीवर नाव याचंच राहिलं. 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच हातोहात फिरलेल्या गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. ती गाडी चारचाकी होती, पण ट्रॅक्टर-ट्रॉलीला कायदा वेगळा नाही. एप्रिल 2023 पासून नियमात एक वाट झाली आहे. आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्याला जुनं वाहन सोपवताना फॉर्म 29सी भरून ऑनलाइन कळवायचं, म्हणजे पुढच्या विक्रीपर्यंत जबाबदारी त्या विक्रेत्याकडे जाते. जुन्याचे दोन हजार कमी लावले तरी चालतील, हा फॉर्म भरून त्याची पावती हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये.