एचपी-६५ : स्मरणरंजन आणि इतिहास

१/ जुन्या संगणकांविषयीच्या स्मरणरंजनात एक वाक्य हमखास येते : तेव्हा यंत्र माणसाच्या आज्ञेत होते, आता माणूस यंत्राच्या आज्ञेत आहे. या दाव्याचा लाडका साक्षीदार म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-६५. चुंबकीय कार्डावर प्रोग्रॅम साठवणारा, हातात मावणारा हा पहिला कॅल्क्युलेटर १९७४ मध्ये आला. साक्षीदार अव्वल आहे. त्याची साक्ष मात्र दाव्याविरुद्ध जाते.

२/ किंमत ७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी अल्टेअर ८८०० या संगणकाचे सुटे भाग ३९७ डॉलरना विक्रीस आले. ‘तेव्हा प्रत्येकजण प्रोग्रॅम लिहीत असे’ या वाक्यातला ‘प्रत्येकजण’ कोण, हे एवढ्यावरून कळावे.

३/ आणि आज्ञा तरी किती? प्रोग्रॅमला १०० पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे बहुधा एखादे बटण दाबण्याची नोंद. लॉगॅरिथम आतून कसा काढायचा, हे कंपनीने रॉममध्ये कायमचे कोरून ठेवलेले. तिथे वापरणाऱ्याला प्रवेश नव्हता. याच घराण्यातल्या एचपी-३५ (१९७२) च्या सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिथम काढून तो उलटवला की उत्तर २ येई. ही चूक वापरणाऱ्याला दिसत होती. दुरुस्त करणे केवळ कंपनीच्या हाती होते. आजच्या फोनला ‘बंद पेटी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही पेटीही उघडून पाहावी.

४/ १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत एचपी-६५ अंतराळात गेला, हे अभिमानाने सांगितले जाते. खरे आहे, पण तो गेला मुख्य संगणकाला पर्याय म्हणून.

५/ मग हरवले ते काय? यंत्र बंद केले की स्मृतीतला प्रोग्रॅम पुसला जाई, म्हणून कार्ड. वाचून झालेले कार्ड ए ते ई या पाच बटणांच्या वरच्या खाचेत बसे आणि त्यावर लिहिलेली नावे बटणांना नवा अर्थ देत. प्रोग्रॅम चुकून पुसला जाऊ नये म्हणून कार्डाचा कोपरा कापत. १९७४ मध्येच रिचर्ड नेल्सन यांनी वापरकर्त्यांचा स्वतंत्र क्लब काढला. त्याच्या ‘६५ नोट्स’ या पत्रिकेतून अनोळखी माणसे एकमेकांना प्रोग्रॅम आणि युक्त्या कळवू लागली. मोकळेपणा होता तो या देवघेवीत. त्याचे श्रेय यंत्राला देणे म्हणजे ग्रंथालयाचे श्रेय कपाटाला देणे.

६/ स्मरणरंजनाला मात्र कपाटच आवडते. कार्ड ओढणारा रबरी रोलर काळाने चिकट लगदा होतो. तो बदलून, लाल आकडे पुन्हा पेटवून यंत्र मांडले जाते. शेजारची कार्डे कोणी, कोणत्या कामासाठी लिहिली, हे क्वचितच विचारले जाते. जुन्या सामानात अशी पुडी हाती लागली, तर आधी प्रत्येक कार्डावरच्या अक्षरांचे आणि सोबतच्या वहीचे छायाचित्र घ्यावे. रोलर नंतरही मिळेल.