परवाना आणि लिपी

कुंभकोणमच्या मराठी घरांत बोली मराठी, शाळा तमिळ. तेथील मुलांसाठी संगणकीय खेळ रचावयाचा झाल्यास दोन्ही लिप्या पडद्यावर शुद्ध उमटाव्यात, ही पहिली अट. खेळ घडविणाऱ्या ‘इंजिनां’च्या वादात लिपीचा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुले आहे. तरीही मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीपूर्वी त्यात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे पडे, जोडाक्षरे फुटत. ‘हार्फबझ’ ही तितकीच मुक्त प्रणाली त्यात सामावली, तेव्हा दोष गेला. मुक्ततेने दोष आपोआप सरत नाहीत, हे तिच्या कैवाऱ्यांनी मान्य करावे. दुरुस्तीला कोणाची अनुमती लागत नाही, एवढेच.

कन्सोल-यंत्रांच्या उत्पादकांच्या गोपनीयतेच्या करारांमुळे त्यांच्यासाठीचा भाग गोडोला खुला ठेवता येत नाही, हा ‘युनिटी’च्या पक्षाचा आक्षेप खरा आहे. पण कुंभकोणमचे मूल खेळणार ते मोबाइलवर, आणि तेथे गोडो चालते. शिवाय युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये विशिष्ट मर्यादेपुढील प्रत्येक नव्या स्थापनेवर शुल्क जाहीर केले आणि २०२४ मध्ये ते रद्द केले. अशा लहरीवर अल्पसंख्य भाषेने विसंबावे काय?

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ सालीच स्थान मिळाले. ती शिकविणारा खेळ उद्या कोणी तंजावर भागात रचू लागला, तर त्याच्या चार ग्राहकांसाठी कोणता मालक आपले बंद इंजिन उघडील?