फोन एक, वर्ष कुणाचं?

लॉकडाऊनमधली सकाळ आठवतेय? घरात एकच स्मार्टफोन, भावंडं दोन आणि दहा वाजता दोघांचेही वर्ग. फोन बहुतेक मोठ्याच्याच हातात जायचा. कारण? ‘त्याचं वर्ष वाया जाईल.’ धाकटी विशेष शाळेत जात असेल, तर तिचं वर्ष कुणी मोजतच नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास पडद्यावर आला. नीट दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, चाळीस मिनिटं एका जागी बसणाऱ्या मुलांना तो कसाबसा झेपला. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ आली. पीएम ई-विद्यामध्ये दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळं साहित्य आलं. चांगलंच झालं. पण स्वमग्न मुलाचा हात धरून पेन्सिल फिरवायची, ती पडद्यातून कशी?

तो हात आईनं धरला. ना बी.एड., ना विशेष शिक्षणाची पदविका. बाई व्हिडिओ कॉलवर सांगायच्या आणि ही स्वयंपाकघरात वर्ग भरवायची. मटार सोलले की बोटांचा व्यायाम, मूग आणि शेंगदाणे वेगळे केले की वर्गीकरण, ताटं मांडली की आकडेमोड. एक गोष्ट वीसदा सांगायची, एकविसाव्यांदाही न चिडता. (बाबांचं ‘वर्क फ्रॉम होम’ बंद दाराआड चालू असायचं, हेही नोंदवायला हवं.) याला आपण ‘आईची माया’ म्हणून मोकळे झालो. खरं तर ते शिक्षकाचं काम होतं, बिनपगारी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. हक्क मुलाचा, जबाबदारी सरकारची. मग शाळेचं दार बंद झालं की सगळा भार एकट्या आईवर का?

आजही थेरपीची सत्रं, सरावाचे व्हिडिओ फोनवरच येतात. आणि घरात फोन सगळ्यात जास्त कळतो तो तुम्हाला! फोटो काढून पाठवलेला धडा स्क्रीन रीडरला बहुतेक वेळा वाचता येत नाही. तो टाइप करून द्यायला तुम्हाला किती वेळ लागेल? खाणाखुणांची भाषा दाखवणारी चौकट पडद्यावर मोठी करणं तर दोन सेकंदांचं काम. रोज अर्धा तास तुम्ही बसलात, तर आईला गरम चहा तरी मिळेल.

आणि हो, सोलता सोलता धाकटीनं निम्मे मटार खाल्ले तरी ओरडू नका.