पुढचा नंबर कुणाचा?

१९९५च्या गणपतीत धाकट्या भावाने मुंबईहून व्हिडिओ गेम आणला आणि पालीच्या आमच्या घरातला टीव्ही प्रथमच पोरांच्या ताब्यात गेला. जपानच्या निन्टेंडोने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची ती स्वस्तातली नक्कल. १९८७ मध्ये ‘रामायणा’साठी अख्खी वाडी याच टीव्हीपुढे हात जोडून बसे. आता दोघे ‘काँट्रा’ खेळत, बाकीचे नंबर लावून बसत. बातम्या बुडतात म्हणून मी चिडलो, कॅसेट कपाटात कोंडली. आईने ती मुकाट्याने काढून दिली. म्हणाली, “भांडतात रे, पण एकत्र बसतात ना!”

आज प्रत्येक नातवंडाच्या हाती वेगळा मोबाइल. भांडण नाही, नंबरही नाही. बँकेतल्या रांगा आवरण्यात माझी हयात गेली. घरातली ही एक रांग मात्र मोडायला नको होती.