हळद : ताटांतील आणि बाटलींतील

मुरगळलेल्या पायावर हळदीचा लेप आणि खोकल्यावर हळदीचें दूध, हे उपचार ज्या घरांत कधींच झाले नाहींत असें महाराष्ट्रीय घर सांपडणें कठीण. निघंटुकारांनीं निशा, रजनी अशीं रात्रीचीं नांवें देऊन हिचा शोथहर गुण पूर्वींच सांगून ठेविला आहे. अलीकडे मात्र हिचाच अर्क गोळ्यांच्या रूपानें बाटलींतून घरांत येऊं लागला असून, "शास्त्रानें सिद्ध झालें आहे" एवढ्या एका वाक्यावर विसंबून कित्येक वृद्ध मंडळी त्या गोळ्या रोज घेतात. तेव्हां शास्त्रानें नेमकें काय सिद्ध केलें, हें पाहणें अवश्य आहे.

काटा रुतला म्हणजे ती जागा लाल होते, तापते, सुजते व ठणकते. हा शोथ वस्तुतः शत्रूचा नव्हे, तर रक्षकांचा व्यापार होय. जंतूंचा सुगावा लागतांच शरीरांतील श्वेत पेशी रासायनिक निरोप धाडून कुमक बोलावितात. त्यांपैकीं जंतूंस गिळून टाकणार्‍या पेशींचें कार्य मेच्निकॉफ ह्या पंडितानें उजेडांत आणिलें व त्याबद्दल त्यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. काम संपतांच हे रक्षक स्वस्थ बसले म्हणजे ठीक. ते आपल्याच सांध्यांवर उलटले, तर आमवातासारखे रोग जडतात.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळें येतो, तें कर्क्युमिन १८१५ सालीं प्रथम वेगळें काढण्यांत आलें. १९९५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, मानवी रक्ताच्या कर्करोगांतील पेशी काचपात्रांत वाढवून त्यांवर कर्क्युमिन घालण्यांत आलें. तेव्हां पेशीच्या आंत शोथाचा हुकूम सोडणारी जी कळ असते, ती त्यानें दाबून धरली. येथवर हळदीची कीर्ति यथार्थ आहे.

परंतु काचपात्र म्हणजे शरीर नव्हे. पात्रांत द्रव्य थेट पेशीवर पडतें. पोटांत गेलेल्या द्रव्यास आंतडीं व यकृत हे दोन नाके ओलांडावे लागतात. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं निरोगी माणसांस २ ग्रॅम कर्क्युमिन दिलें, तरी रक्तांत तें जवळजवळ सांपडलेंच नाहीं. मिर्‍यांतील पिपरीन सोबत देतांच तें प्रमाण सुमारें २० पटींनीं वाढलें. हा प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. हळदींत कर्क्युमिन शेंकडा सुमारें ३ असतें. म्हणजे २ ग्रॅमसाठीं ६५ ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल! आमटींतील चिमटीकडून ही अपेक्षा कशी करावी?

गोळी अगदींच निरुपयोगी, असेंही नव्हे. थायलंडांत गुडघे झिजलेल्या ३६७ रोग्यांवर झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, चार आठवड्यांच्या अवधींत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. परंतु जें औषधासारखा गुण देतें, तें औषधासारखा अपायही करूं शकतें. २०१९ सालीं इटलींत अशा गोळ्या घेणार्‍या कांहीं लोकांच्या यकृतास सूज आल्याचें आढळून, तेथील सरकारला बाटल्यांवर इशारा छापण्याचा हुकूम द्यावा लागला. द्रव्याच्या गुणाबरोबर मात्रा व अनुपान सांगण्याची आपल्या वैद्यकाची चाल किती दूरदर्शी होती, हें येथें ध्यानांत येतें.

म्हणून फोडणींतील हळद निर्धास्त चालूं द्यावी. गोळी मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास, अथवा पित्ताशयांत खडे किंवा यकृताचा विकार असल्यास तर मुळींच नाहीं. आमवाताच्या रोग्यानें तर गोळीच्या भरंवशावर नेहमींचें औषध कदापि सोडूं नये. ठणका कमी भासला तरी आंत सांध्यांची हानि चालूच राहते, आणि वांकडीं झालेलीं बोटें मागाहून औषधानें सरळ होत नाहींत. सासूबाई किंवा मामंजी संकोचानें डॉक्टरांपाशीं बोलत नसतील, तर मुलानें वा सुनेनें पुढच्या खेपेस ती बाटलीच सोबत न्यावी.