फेणीची पारख

गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत काजूगरांबरोबर फेणीची एखादी बाटली बहुधा असतेच. (सीमेवरच्या नाक्यावर परवान्याचा प्रश्न निघतो, तो वेगळाच.) घरी मित्रमंडळींत ती उघडली जाते, वासासरशी नाके मुरडली जातात आणि ‘गावठी’ असा निकाल लागून बाटली कपाटात मागे सरते. मद्य त्याज्यच मानणाऱ्यांशी येथे वाद नाही; परंतु जे चव घेऊन निकाल देतात, त्यांनी कसोटी तरी योग्य लावावी. व्हिस्कीला रंग आणि मऊपणा येतो तो लाकडी पिंपात मुरल्याने. फेणी सहसा मुरवीत नाहीत. ती पाण्यासारखी नितळ असते आणि तिचे सारे सत्त्व त्या उग्र वासातच असते.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या काजूचे हे पेय. उन्हाळ्यात पिकून आपोआप गळालेले बोंडूच वेचायचे, खडकात कोरलेल्या कुंडीत तुडवायचे आणि रस बाहेरचे यीस्ट न घालता काही दिवस आंबू द्यायचा. पहिल्या धारेची सौम्य हुर्राक हंगामातच संपते. पुन्हा गाळल्यावर फेणी होते. तीत मद्यार्क साधारण ४२ टक्क्यांच्या घरात असतो. जाणकार बाटली हलवून वरचे बुडबुडे किती टिकतात ते पाहतात. फेणी हे नावही फेसावरूनच पडले, असे मानतात. त्यानंतर मान नाकाचा. ज्या बाटलीला बोंडवाचा वास नाही, तीत साधा मद्यार्क मिसळलेला असण्याचा संभव अधिक.

म्हणजे वास नाही म्हणून पर्यटक जी बाटली वाखाणतो, तीच बहुधा भेसळीची असते! या उफराट्या निवाड्याचा दंड भरतो तो रीत न सोडणारा भट्टीवाला. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अबकारी दप्तरातील ‘देशी दारू’ हा शिक्का राज्याबाहेरच्या विक्रीच्या आड येत असे. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. सन्मान झाला, हे ठीकच. पण दुकानात उभ्या असलेल्या परगावच्या गिऱ्हाइकाला त्यावरून अस्सल बाटली कशी ओळखावी? भट्टीचे गाव, हंगामाचे वर्ष आणि बाहेरचा मद्यार्क मिसळला आहे की नाही, एवढे तरी प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती हवी, आणि छापलेले खरे आहे की नाही हे अबकारी खात्याने ऐन हंगामात भट्टीवर जाऊन तपासले पाहिजे.